वस्तीतून स्थायी समितीत: एका ड्रेनेज लाइनचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून शहर, प्रभाग आणि माणसांची नावं वगळली आहेत, आकडे थोडे गोल केले आहेत. प्रकरण महाराष्ट्रातल्या एका 'ड' वर्ग, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गातल्या महापालिकेतलं, 2004 ते 2023 या काळातलं. ज्या बाईंभोवती ते फिरतं त्यांना वस्तीत लहानथोर सगळे ताई म्हणतात. इथेही तेच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

वस्ती महापालिकेच्याच जागेवर आहे. एका अंगाला डांबरी रस्ता, दुसऱ्या अंगाला नाला, मधे 610 घरं आणि सुमारे 2,700 माणसं. बहुतेक घरं 10 बाय 12 फुटांची. ताई 2004 मध्ये एका सामाजिक संस्थेच्या बचत गटांच्या कामावर लागल्या. सुरुवात रेशनकार्डांपासून झाली, मग नळ, मग शाळेचे दाखले. पद्धत साधी होती. वीस घरांमागे एक बाई प्रतिनिधी, म्हणजे एकूण तीस. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता समाजमंदिरात बैठक. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का बसल्याशिवाय कचेरीतून उठायचं नाही. त्या शिक्क्याच्या प्रतींची एक जाड फाइल होती. वस्तीचं खरं बळ ती फाइल होती, कारण "तुमचा अर्जच आला नाही" असं म्हणायची सोय तिने कुणाला ठेवली नव्हती.

तेरा वर्षांत या तीस जणींनी बरंच मिळवलं. शौचालय मात्र अडून राहिलं. त्यासाठी ड्रेनेज लागतं, ड्रेनेजसाठी अंदाजपत्रकात तरतूद लागते, आणि तरतूद कुठे ठेवायची हे ठरवणाऱ्या टेबलावर वस्तीचं कुणी नव्हतं. 74 व्या घटनादुरुस्तीने झोपडपट्टी सुधारणा हा विषय नागरी संस्थांच्या कामांच्या यादीत घातला, राज्याने 2011 मध्ये महिलांचं आरक्षण 50 टक्क्यांवर नेलं. 2017 च्या निवडणुकीत प्रभागातल्या चारपैकी दोन जागा महिलांसाठी राखीव निघाल्या आणि गुरुवारच्या बैठकीत प्रश्न आला: ताईंनी उभं राहायचं का?

प्रश्न काय होता

वस्तीत 24 सीटचं एक सार्वजनिक शौचालय होतं, त्यातली 9 बंद. 150 घरांत स्वतःचं शौचालय होतं, पण त्याचं पाणी उघड्या गटारात जायचं. उरलेली 460 कुटुंबं, म्हणजे अंदाजे 2,070 माणसं, 15 चालू सीटवर अवलंबून होती. एका सीटमागे जवळजवळ 138 माणसं. स्वच्छ भारत अभियानाचा निकष 35 पुरुषांमागे एक आणि 25 स्त्रियांमागे एक असा आहे. त्या हिशेबाने 71 सीट हवी होती.

ती 9 सीट का बंद पडली, हे नीट पाहायला हवं. भांडी फुटली म्हणून नाही. सेप्टिक टँक इमारतीच्या मागे, दोन घरांच्या भिंतींमध्ये होती, आणि मैला उपसणाऱ्या गाडीचा पाइप तिथवर पोचत नव्हता. दर दोन-तीन वर्षांनी उपसायची टाकी अकरा वर्षं उपसलीच नव्हती. सुरक्षा साधनं न देता माणूस उतरवून साफ करून घेणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि वस्तीतल्या बायकांनीही त्याला ठाम नकार दिला होता. शिवाय विजेचं मीटर जुन्या ठेकेदाराच्या नावावर. तो गेला, बिल थकलं, जोडणी तुटली, पंप बंद, वरची टाकी कोरडी. पाणी नाही म्हणून घाण, घाण म्हणून दार बंद. यातलं एकही कारण नवं बांधकाम करून आपोआप सुटणारं नव्हतं.

पहिला निर्णय: उभं राहायचं, पण कसं

चार सदस्यांच्या प्रभागात अपक्ष निवडून येणं फार अवघड. मतदार चार मतं देतो आणि पॅनल, म्हणजे एकत्र लढणारे चार उमेदवार, एकमेकांना ओढतं. वस्तीची सगळी मतं एकगठ्ठा पडली तरी प्रभागात ती पाचव्या हिश्शाहून कमी. तीन वाटा चर्चेत आल्या: अपक्ष लढायचं, पक्षाचं तिकीट घ्यायचं, किंवा उभं न राहता सगळ्या पॅनलांकडून लेखी आश्वासन घ्यायचं. तिसरी वाट 2012 मध्ये वापरून झाली होती. निवडून आल्यावर तो कागद कुणी ओळखला नाही.

तिकीट घ्यायचं ठरलं. सात मागण्यांचा कागद तयार झाला, त्यावर ताईंची आणि तीसही प्रतिनिधींची सही झाली. घरात आणखी एक गोष्ट ठरली: यजमान महापालिकेच्या कोणत्याही बैठकीला, कोणत्याही टेबलाला जाणार नाहीत. हे छोटं वाटतं, पण "साहेबांना विचारून सांगते" या एका वाक्याने अनेक नगरसेविकांचं पद घरातल्या पुरुषाच्या हाती गेलेलं आहे. ताईंच्या बाबतीत पाच वर्षं हा नियम पाळला गेला.

एक गोष्ट मात्र राहून गेली आणि ती पुढे महागात पडली. तीस जणींच्या समितीची सूत्रं कुणाकडे जाणार, हे ठरलंच नाही. फाइल ताईंच्या कपाटात, समाजमंदिराची किल्ली त्यांच्या पर्सला, अधिकाऱ्यांचे फोन नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये. निकालाच्या दिवशी गुलाल उधळला गेला आणि पुढच्या गुरुवारी बैठकीला अकरा बाया आल्या. सहा महिन्यांत बैठक बंद पडली. आता काम असेल तर ताईंच्या दारात जायचं, अशी सवय लागली. सकाळी सातपासून दारात रांग. तीस जणींचं काम एकीच्या ओट्यावर येऊन बसलं.

पहिलं वर्ष आणि फसलेलं काँक्रीट

नव्या नगरसेवकाच्या हाती पहिल्यांदा येतो तो प्रभागातला छोट्या कामांचा निधी. त्यातून काय होतं, तर गल्ली काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, बाकडी, कमानी. यात नगरसेवकाची आवड-निवड थोडी आणि कारभाराची रचना जास्त असते. कनिष्ठ अभियंत्याकडे या कामांची पूर्वगणनपत्रकं, म्हणजे खर्चाचे अंदाज, तयार असतात, फक्त लांबी-रुंदी बदलायची. ड्रेनेजसाठी मात्र लेव्हल, म्हणजे जमिनीच्या उंच-सखलपणाची मापं, घ्याव्या लागतात, मुख्य वाहिनीची खोली तपासावी लागते, आणि एवढ्यासाठी पैसे मोठ्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या वेगळ्या नोंदीतून, यावे लागतात. मार्चअखेर निधी परत जाणार असेल तर माणूस हाताशी असलेलं काम उचलतो.

ताईंनीही उचललं. चार गल्ल्यांचं काँक्रीट झालं. जुना थर न खोदता वर चार इंच नवा ओतला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात गल्ली उंच आणि उंबरा खाली अशी गत झाली. पाणी थेट चुलीपाशी. लोकांनी दारात विटांची एकेक ओळ रचली, वर सिमेंटचा हात फिरवला. त्या विटा अजूनही काही दारांत दिसतात. ड्रेनेज येणारच आहे असं म्हणत असताना त्याआधी वर काँक्रीट टाकणं, म्हणजे दोन वर्षांनी तेच फोडायला पैसे ठेवणं. खोदाईच्या अंदाजात पुढे काँक्रीट फोडण्याची वेगळी बाब धरावी लागली.

क्रम असा हवा होता: आधी लेव्हल, मग ड्रेनेज, मग पाण्याची लाइन, मग गल्ली. बायकांना तो माहीत होता. पण गुरुवारची बैठक बंद असल्यामुळे तो बोलायला जागा उरली नव्हती.

पर्याय तोलले ते असे

2018 मध्ये बैठक पुन्हा सुरू झाली. यावेळी किल्ली आणि फाइल एका मावशींकडे गेली. वय साठीचं, शिक्षण चौथीपर्यंत, पण कोणता कागद कुठल्या टेबलावर अडलाय हे तोंडपाठ. चार पर्याय मांडले गेले.

पैसे द्या आणि वापरा पद्धतीने ठेकेदाराला तीस वर्षांसाठी द्यायचं, हा पहिला. महापालिकेचा खर्च शून्य, म्हणून प्रशासनाला तो आवडला होता. पण पाच माणसांच्या घराने दिवसाला एकेकदा जायचं म्हटलं आणि दर दोन रुपये धरला, तरी महिन्याला 300 रुपये होतात. अशा वेळी लहान मुलं आणि म्हातारी माणसं आधी नाल्याकडे वळतात.

दुसरा पर्याय घरोघरी शौचालयाचा. केंद्राचे 4,000 आणि राज्याचे 8,000 रुपये अनुदान होतं. बायकांची पहिली पसंती हीच, आणि ती रास्तही होती, कारण रात्री बाहेर जावं लागत नाही. अडचण दोन ठिकाणी: ज्या घरात चुलीला आणि झोपायला जागा पुरत नाही तिथे तीन बाय चार फूट कुठून काढायचे, आणि ड्रेनेज नसताना मैला कुठे सोडायचा.

तिसरा, सार्वजनिक शौचालय नव्याने बांधून वस्तीनेच मासिक पासवर चालवायचं. याला राज्यात मोठा आधार होता. पुण्यात 1999 ते 2001 या काळात आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी स्वयंसेवी संस्थांना बांधकाम आणि देखभालीत उतरवून चारशेहून अधिक शौचालयं उभी केली. मुंबईतही जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या कार्यक्रमात वस्ती समित्यांनी कौटुंबिक पास चालवले. यांतली काही शौचालयं चांगली चालली, काही पडली. पडली ती बहुधा वीज-पाण्याच्या बिलावर आणि टाकी उपसण्यावर.

चौथा मिश्र: आधी 200 मिलिमीटरची ड्रेनेज लाइन, जागा असेल त्या घरांना स्वतःचं शौचालय, उरलेल्यांसाठी लहान पण निकषाप्रमाणे सार्वजनिक. गल्लीनिहाय यादी करायला तीस जणींना तीन आठवडे लागले. 190 घरं जागा काढायला तयार झाली. उरली 270 कुटुंबं, 1,215 माणसं. त्यांना निकषाने पुरुषांची 18 आणि स्त्रियांची 24, मिळून 42 सीट. चौथा पर्याय एकमताने ठरला. या यादीचं महत्त्व फार मोठं होतं. अभियंत्याने 24 च्या जागी 30 सीट सुचवली होती, आणि ती कमी का पडतील हे दाखवायला वस्तीकडे घरटी आकडा होता.

हितसंबंधाचा पेच

शौचालय चालवणार कोण? साहजिकच बचत गटांचा महासंघ. पण ताई त्याच्या संस्थापक-अध्यक्षा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 10 प्रमाणे महापालिकेच्या करारात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असलेली व्यक्ती नगरसेवकपदाला अपात्र ठरते. विरोधी पॅनलचा एक जण तक्रार तयारच ठेवून होता. त्याच कलमात अनधिकृत बांधकामावरूनही पद जातं. वस्तीत राहणाऱ्या माणसाच्या घराचा एखादा पत्रा पुढे आलेला असतोच, त्यामुळे ही टांगती तलवार वस्तीतल्या नगरसेवकावर इतरांपेक्षा जास्त असते.

ताईंनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. हे पुरेसं नव्हतं. खजिनदार त्यांची धाकटी जाऊ, आणि दोघींचं रेशनकार्ड एकच. सल्ला घेतल्यावर तीन गोष्टी केल्या: जाऊबाईंनी पद सोडलं, महासंघाच्या बँक खात्याच्या सह्या बदलून ठराव धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्जासह दाखल केला, आणि महासंघाचा विषय सभेत येईल तेव्हा ताई लेखी कळवून सभागृहाबाहेर बसतील असं ठरवलं. बाहेर बसणं त्यांना जड गेलं. ज्या कामासाठी निवडून आल्या तेच काम मंजूर होताना हात वर करता येत नाही, हे वस्तीला समजावणंही सोपं नव्हतं.

संस्थेकडून मिळणारं मासिक मानधनही त्यांनी निवडून आल्यावरच सोडलं होतं. नगरसेवकाचं मानधन घर चालवायला अपुरं पडतं. त्यांनी पाच वर्षं पहाटे पोळी-भाजीचे डबे करून दिले. हा रस्ता धरू पाहणाऱ्या प्रत्येकाने घरखर्च कुठून येणार याचं उत्तर निवडणुकीआधी काढून ठेवावं. ते नसेल तर ठेकेदार काढून देतो.

स्थायी समितीचं एक वर्ष

महापालिकेचे खर्च आणि निविदा मंजूर करणाऱ्या स्थायी समितीत 16 सदस्य, दरवर्षी निम्मे निवृत्त होतात, सभापतीची मुदत एक वर्षाची. पक्षातल्या दोन गटांच्या ओढाताणीत मार्च 2019 मध्ये सभापतिपद ताईंकडे आलं. ड्रेनेजसाठी आदल्या अंदाजपत्रकात लेखाशीर्ष होतं, पण तरतूद 1,000 रुपये. अशा टोकन तरतुदीने काम होत नाही, फक्त दार उघडं राहतं. ताईंनी सुशोभीकरणाच्या दोन शीर्षांतून रक्कम वर्ग करून काम सुमारे 78 लाखांच्या तरतुदीपर्यंत आणलं.

वर्ष कागदावर बारा महिन्यांचं, हातात त्याहून बरंच कमी. लोकसभेची आचारसंहिता 10 मार्चला लागली ती मेअखेरपर्यंत. विधानसभेची 21 सप्टेंबरला लागणार, हे तेव्हा माहीत नव्हतं. मधल्या काळात तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा आणि स्थायीचा ठराव बसवायचा होता.

जुलैच्या पावसात सेप्टिक टँक फुटल्यासारखी वाहू लागली. मैला दोन गल्ल्यांत आला. बैठकीत मोर्चाचा विषय निघाला आणि ताईंनी सांगितलं, आत्ता नको, फाइल पुढे चालली आहे, मोर्चा आला तर सभापतीवरच आला असं छापून येईल.

मावशी म्हणाल्या, "तू आत बसलीस म्हणून आम्ही बाहेर गप्प बसायचं होय गं? मग तुला पाठवून काय मिळवलं?"

या वाक्यावर बैठक बराच वेळ थांबली. तीन मार्ग होते: मोर्चा थांबवणं, ताईंनी त्यात चालणं, किंवा मोर्चा येऊ देणं आणि निवेदन आयुक्तांच्या नावे असणं. तिसरा घेतला, आणि आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा निर्णय. सव्वातीनशे बाया रिकामी टमरेलं घेऊन महापालिकेच्या दारात बसल्या. निवेदनात ताईंचं नाव कुठेही नव्हतं. मागणी एकच होती: कोणत्या तारखेला कोणता टप्पा, हे आयुक्तांच्या सहीने लेखी द्या. संध्याकाळी पाच टप्प्यांचं पत्र मिळालं. सभापती म्हणून ताईंनी तेच पत्र पुढच्या सभेत कामकाजात नोंदवून घेतलं. बाहेरचा रेटा आणि आतला ठराव एकाच कागदावर आले, त्यामुळे पुढे अधिकारी बदलले तरी तारखा कुणाला नाकारता आल्या नाहीत.

ऑगस्टअखेर निविदा उघडली. सर्वांत कमी दर पूर्वगणनपत्रकापेक्षा 27 टक्क्यांनी खाली. इतक्या खालच्या दरात पाइपखालचं बेडिंग (पाइप टेकवायचा थर), चेंबरचं प्लास्टर आणि खोदलेल्या चराची कुटाई या तीन ठिकाणी हमखास काटछाट होते, कारण मातीआड गेल्यावर ती दिसत नाही. ताईंनी विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब केला आणि कारण तोंडी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गावभर बोलणं: सभापतींची टक्केवारी ठरली नाही. स्थायी समितीत प्रामाणिक तहकुबी आणि सौदेबाजीची तहकुबी बाहेरून अगदी सारखी दिसते. फरक फक्त इतिवृत्तात दिसू शकतो, आणि त्या दिवशी इतिवृत्तात "विषय तहकूब" एवढंच होतं. पुढच्या सभेत त्यांनी तीन मुद्दे लेखी मांडले: ठेकेदाराने दराचं पृथक्करण (इतका कमी दर कसा बसतो याचा बाबवार हिशेब) द्यावं, जादा सुरक्षा ठेव घ्यावी, आणि चर बुजवण्याआधी प्रत्येक 30 मीटरला वस्तीच्या दोन प्रतिनिधींसमोर पाणी सोडून चाचणी व्हावी. तिन्ही ठरावात आले. पण दोन आठवडे गेले होते. ठराव सप्टेंबरच्या मध्यावर झाला, करारनाम्याचं काम चालू असतानाच 21 तारखेला आचारसंहिता लागली आणि कार्यादेश नोव्हेंबरात निघाला. पहिल्याच दिवशी कारण लेखी दिलं असतं, तर ठेकेदाराला उत्तराची मुदत त्याच दिवशी सुरू झाली असती.

काम

डिसेंबर 2019 मध्ये खोदाई सुरू झाली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी. मजूर गावी गेले, अर्धा चर उघडा. त्या काळात 15 सीटवर गर्दी होऊ नये म्हणून समितीने गल्लीनिहाय वेळा लावल्या आणि महापालिकेकडून सहा फिरती शौचालयं मिळवली. काम ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झालं आणि 2021 च्या अखेरीस पुरं झालं.

चाचणीचा नियम कामी आला. दोन प्रतिनिधी वरच्या चेंबरमध्ये हळदीचं पाणी ओतायच्या आणि खालच्या चेंबरशी बसलेल्या दोघी घड्याळ बघायच्या. एका पट्ट्यात पाणी अर्ध्यावर थबकलं. उकरल्यावर पाइपला मध्येच पोट आलेलं निघालं, कारण खाली बेडिंग नव्हतंच. ते 30 मीटर ठेकेदाराने स्वखर्चाने पुन्हा टाकले. बुजवल्यावर कळलं असतं तर दर पावसाळ्यात तिथेच तुंबलं असतं.

विजेचं मीटर महापालिकेच्या नावावर घेतलं. नवं शौचालय ड्रेनेजला जोडल्यामुळे टाकी उपसण्याचा प्रश्नच संपला. फलकावर कुणाचं नाव टाकायचं यावर चारही नगरसेवकांत वाद झाला. शेवटी फक्त काम, रक्कम, ठेकेदार आणि दोषदायित्वाचा (दोष निघाल्यास ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा) कालावधी लिहिला.

निष्पत्ती आणि दुसरी चूक

42 सीट, 190 घरगुती शौचालयं, 380 मीटर लाइन. हे मोठं यश आहे आणि ते त्या तीस बायकांचं आहे.

चालवण्याचा हिशेब मात्र चुकला. पास महिन्याला 60 रुपये. 270 कुटुंबांचे 16,200 व्हायला हवेत, वसुली 70 टक्के, म्हणजे 11,340. त्यातून सफाई आणि राखणीला असलेल्या नवरा-बायकोला मिळून 8,000, फिनेल-झाडूला 2,000, उरले 1,340. आठव्या महिन्यात पंपाची मोटर जळाली, वाइंडिंगचं बिल 6,500. दोन महिने त्या जोडप्याचा पगार थकला आणि ते सोडून गेले. सातही दिवस राबणाऱ्या दोन माणसांना 8,000 रुपये हे किमान वेतनाच्या जवळपासही नव्हतं. "वस्ती स्वतः चालवते" या कौतुकाखाली खरा भार सफाई करणाऱ्यांनी उचलला होता. हे आधीच दिसायला हवं होतं. समितीतल्या चौघी स्वतः घरोघरी धुणीभांडी करतात, आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांत आधी हा मुद्दा त्यांनीच मांडला.

त्याआधीच मार्च 2022 उजाडला होता. महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, ताईंचं पद गेलं. सभा नाही, स्थायी नाही, नगरसेवक नाही. सफाई कामगारांचं वेतन महापालिकेच्या घनकचरा विभागाच्या शीर्षातून द्यावं ही मागणी समितीला एकटीने लढावी लागली. जुनी फाइल, पाच टप्प्यांचं पत्र, ठरावाचा क्रमांक, नऊ महिन्यांच्या जमाखर्चाची वही, असं सगळं जोडून अर्ज गेला. पाच महिने आणि माहिती अधिकारातले दोन अर्ज लागले. वेतनाचा भार महापालिकेने उचलला, पास 30 रुपयांवर आला आणि ते पैसे आता फक्त साबण, दिवे आणि दुरुस्तीला जातात. महिन्याचा हिशेब शौचालयाच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिला जातो.

काय वेगळं करता आलं असतं

उमेदवारी अर्ज भरायच्या आधी समितीचा नवा अध्यक्ष, किल्ली, फाइल आणि फोन नंबरांची वही सोपवायला हवी होती. निकालानंतर ते सुचत नाही, आणि वेळही मिळत नाही. यात गेलेलं एक वर्ष आणि फसलेलं काँक्रीट, दोन्हींचं मूळ एकच आहे.

पहिल्या वर्षाच्या छोट्या निधीतून लेव्हलचं सर्वेक्षण करून घेता आलं असतं. त्याचा खर्च एका गल्लीच्या काँक्रीटपेक्षा कमी येतो, आणि पुढचं पूर्वगणनपत्रक वर्षभर आधी तयार झालं असतं. आचारसंहितेचे महिने वजा करूनच सभापतीने वर्ष आखावं. निवडणुकीची नेमकी तारीख माहीत नसली, तरी कोणत्या वर्षी कोणती निवडणूक येते हे माहीत असतंच.

कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या भागाभागांतल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे. इथे ती कधीच भरली नाही आणि ताईंनीही तिचा आग्रह धरला नाही. त्यांचं म्हणणं असं की गुरुवारची बैठक होतीच. पण ती बैठक फक्त वस्तीची होती. शेजारच्या सोसायट्यांना सुशोभीकरणाचा निधी का वळवला हे कुणी समोर बसून सांगितलं नाही, आणि तो राग पुढे मतांत दिसला असता.

अजून अडलेलं

नाल्याकाठची 70 कुटुंबं ड्रेनेजला जोडता आली नाहीत. लाइनला 1:250 उतार धरला तरी 380 मीटरला दीड मीटर खाली जावं लागतं, आणि ती घरं मुख्य वाहिनीच्या चेंबरपेक्षाही खाली आहेत. तिथे छोटं पंपिंग चेंबर लागेल. त्या बायांना शौचालयापर्यंत दोनशे मीटर चढावरून यावं लागतं, पासची थकबाकीही तिथेच जास्त आहे, आणि ती मागताना समितीलाही अवघड वाटतं.

पंपिंग चेंबरचा अर्ज 2023 मध्ये दिला. पुढच्या अंदाजपत्रकात लेखाशीर्ष आलं, तरतूद 1,000 रुपये. अर्जावर 70 सह्या आहेत, त्यातल्या पहिल्या दोन नाल्याकाठच्या नव्या प्रतिनिधींच्या. ताईंची सही नाही. मीही सही करू का, असं ताईंनी विचारलं तेव्हा मावशींनी सांगितलं, "तुझं घर वरच्या गल्लीत आहे. ही सही त्यांचीच राहू दे."